कुणाला सांगायचं, ते आधी सांगा

कॉलेजात 'राष्ट्रीय सुरक्षा आणि युवक' या विषयावर व्याख्यान ठेवलं की त्याचा साचा ठरलेला असतो. पोलीस खात्यातले कुणी साहेब किंवा निवृत्त सुभेदार येतात. पडद्यावर एका देखण्या मुलीचं फेसबुक खातं दिसतं, मागच्या बाकावरून शिट्टी येते, प्राचार्य माइक हातात घेऊन दम भरतात आणि शेवटी सगळे उभे राहून शपथ घेतात. साताऱ्यात काय, सांगलीत काय, कार्यक्रम हाच. पोरं बाहेर पडतात ती एवढंच लक्षात ठेवून, की अनोळखी सुंदर मुलीची रिक्वेस्ट घ्यायची नाही. ज्याला आजवर तशी रिक्वेस्टच आली नाही, तो तर निर्धास्त होऊन कँटीनला जातो.

हनीट्रॅप खोटा नाही. डिसेंबर २०१९ मध्ये आंध्र प्रदेशच्या गुप्तवार्ता विभागाने 'डॉल्फिन्स नोज' या कारवाईत नौदलाच्या सात खलाशांना पकडलं, ते प्रकरण तसंच होतं. पण हा सापळा सहसा अशा माणसासाठी लावतात ज्याच्या हातात सांगण्यासारखं काही आधीच आहे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या पोराकडे कसलं गुपित असणार? त्याच्याकडे परदेशी गुप्तचर यंत्रणा येते ती वेगळ्या वाटेने, आणि ती वाट या व्याख्यानात दिसतच नाही. त्याहून वाईट म्हणजे, त्या वाटेवर चार पावलं टाकून झाल्यावर ज्याला मागं फिरायचंय त्याला काय करावं हे सांगणारं एक वाक्य त्यात नसतं. मला हा लेख लिहावासा वाटला तो त्या एका वाक्यासाठी.

वाट कशी असते, ते ग्लेन डफी श्रायव्हर या अमेरिकन तरुणाच्या खटल्यात स्वच्छ दिसतं. मिशिगनमधल्या एका विद्यापीठाचा हा विद्यार्थी. शिकत असताना चीनला गेला, भाषा आवडली, पदवीनंतर २००४ मध्ये पुन्हा शांघायला राहायला आला. खिशात पैसे बेताचे. अशात एक जाहिरात दिसली: राजकीय विषयांवर इंग्रजीत लेख लिहून हवेत, मानधन मिळेल. त्याने तैवान आणि उत्तर कोरिया यांच्या संदर्भात अमेरिका-चीन संबंधांवर लेख लिहून दिला. अमांडा असं नाव सांगणाऱ्या एका बाईने त्याला १२० डॉलर दिले, लेख फार चांगला झाल्याचं सांगितलं आणि पुढे दोन गृहस्थांशी ओळख करून दिली. इथवर यात गैर काय आहे? काहीच नाही. मीही तो लेख लिहून दिला असता, आणि स्तुती ऐकून घरी फोनही केला असता.

मग त्या गृहस्थांनी सुचवलं, की तुझ्यासारख्या हुशार माणसाने अमेरिकन सरकारी नोकरीत जायला हवं. तो परराष्ट्र सेवेच्या परीक्षेला बसला, नापास झाला, तरी त्याला १० हजार डॉलर मिळाले. पुढच्या वर्षी पुन्हा बसला, पुन्हा नापास, या वेळी २० हजार. नापास झाल्याबद्दल बक्षीस देणारी, आणि दुसऱ्या खेपेला ते दुप्पट करणारी ही बहुधा जगातली एकमेव संस्था असावी. २००७ मध्ये त्याने सीआयएकडे अर्ज केला आणि ४० हजार मागून घेतले. एकूण ७० हजार डॉलर. २०१० मध्ये त्याला अटक झाली, जानेवारी २०११ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. या सगळ्या काळात त्याने एकही गुपित दिलेलं नव्हतं, कारण त्याच्याकडे ते नव्हतंच. चिनी यंत्रणेने त्याचं भविष्य विकत घेतलं होतं.

भविष्याची ही खरेदी जुनी आहे. १९३० च्या दशकात अर्नोल्ड डॉइच या सोव्हिएत हस्तकाने केंब्रिजच्या तरुणांवर अशीच गुंतवणूक केली. आज सत्तेत असलेल्या माणसाला फोडण्यापेक्षा उद्या सत्तेत जाणाऱ्या विद्यार्थ्याला आजच आपलंसं करावं, हा त्याचा हिशेब. किम फिल्बी १९३४ मध्ये त्याच्या गळाला लागला तेव्हा नुकताच विद्यापीठातून बाहेर पडलेला, बेकार पोरगा होता. दहा वर्षांनी, १९४४ मध्ये, तो ब्रिटिश गुप्तचर संस्थेतल्या सोव्हिएतविरोधी विभागाचा प्रमुख झाला. म्हणजे ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांचाच माणूस नजर ठेवायला बसला.

हे ऐकून कराडच्या किंवा विट्याच्या कट्ट्यावरचं पोरगं म्हणेल, केंब्रिज कुठं आणि आपण कुठं. आम्हाला इथं तलाठी विचारत नाही, परदेशी हेर काय विचारणार? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर टाळून उपयोग नाही.

पहिलं उत्तर असं, की तुला काय माहीत आहे यात त्यांना रस नसतो. तू कुणाला ओळखतोस यात असतो. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात निघाली. अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' उगाच लागलेलं नाही. पहिल्या महायुद्धातल्या जवानांचं स्मारक त्या गावात आहे आणि आजही घराघरातून कुणी ना कुणी फौजेत आहे. माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यात शेतीच्या भरवशावर बसता येत नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पोरं भरतीला पळत आली. कुणाचा चुलतभाऊ लेहला, कुणाचे दाजी जोधपूरला, कुणाचा मित्र नुकताच अग्निवीर होऊन ट्रेनिंगला. सुट्टीवर आलेल्या भावाने पोहे खाता खाता सहज सांगितलेलं, की युनिट कुठून कुठे हललं, हे त्या पोराच्या दृष्टीने घरगुती बोलणं. दुसऱ्या कुणासाठी ती बातमी असते.

दुसरं उत्तर आणखी साधं. काही वेळा त्यांना तुझं डोकंही नको असतं, फक्त तुझा मोबाइल नंबर हवा असतो. भारतीय सिमकार्ड किंवा त्यावर आलेला ओटीपी मिळाला की सीमेपलीकडे बसून भारतीय नंबरचं व्हॉट्सअॅप चालवता येतं, आणि त्या नंबरवरून पुढच्या जवानाला फसवता येतं. गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या राज्यांत पाकिस्तानी हस्तकांना सिम पुरवल्याच्या आरोपांवरून अटका झाल्या, त्या यासाठी. ज्या पोराने पाचशे रुपयांना ओटीपी दिला त्याला पुढचं काही ठाऊक असेलच असं नाही. आपल्याकडे बँक खातं 'भाड्याने' देऊन सायबर गुन्ह्यात अडकलेले विद्यार्थी आहेत. हा त्याच दुकानातला वरच्या फळीवरचा माल.

आता खिशाकडे बघू, कारण बहुतेक वेळा गोष्ट तिथूनच सुरू होते. शिष्यवृत्ती येते ती वर्ष सरत आल्यावर. मेसचे पैसे दर महिन्याला द्यावे लागतात. कर्मवीरांनी 'कमवा आणि शिका' उभं केलं तेव्हा कष्ट करून शिकण्यात मान होता. आज बहुतेक विद्यार्थ्यांना कॉलेजच्या आवारात करण्यासारखं पगारी काम मिळत नाही. मग ते फोनवर मिळतं. भाषांतर, डेटा एंट्री, लेख, सर्वेक्षण, एखाद्या ठिकाणचे फोटो. यातली बरीच कामं प्रामाणिक असतात, म्हणूनच 'अनोळखी काम घेऊ नका' हा सल्ला देणं म्हणजे पोराला उपाशी राहा सांगणं आहे. आणि पैशापेक्षाही मोठी एक भूक असते. तीन भरत्यांत मैदानी झालं पण मेडिकलला बाद झालेला, किंवा वयाची अट निघून गेलेला, किंवा अभ्यासिकेत चार वर्षं काढून एका गुणाने राहिलेला मुलगा घरात कुणाच्या नजरेला नजर देत नाही. अशा वेळी कुणीतरी लांबचा माणूस त्याचं लिहिलेलं वाचतो, 'तुझी समज वेगळी आहे' म्हणतो आणि वेळेवर पैसे टाकतो. त्या मुलाला हेरगिरी सुचतही नाही. त्याला वाटतं, शेवटी कुणीतरी ओळखलं.

पहिल्या कामावरून काही कळत नाही. काम जिथे वळण घेतं तिथे कळतं. लेख सार्वजनिक माहितीवर होता, आता 'आतल्या माणसांचं मत' हवं असतं. बोलणं नेहमीच्या अॅपवरून दुसऱ्या अॅपवर न्यायला सांगतात. पैसे कामाच्या मानाने जास्त होतात आणि दर वेळी वेगळ्याच नावावरून येतात. घरी सांगू नको, ही विनंती हसतहसत येते. सिंगापूरचा डिक्सन यो हा पीएचडी करणारा विद्यार्थी २०१५ मध्ये बीजिंगला एका सादरीकरणासाठी गेला आणि तिथे स्वतःला विश्लेषक म्हणवणारे लोक त्याला भेटले. पुढे त्याने त्यांच्या सांगण्यावरून खोट्या सल्लागार कंपनीच्या नावाने नोकरीची जाहिरात दिली. चारशेहून अधिक अर्ज आले, त्यांतले बहुतेक अमेरिकी लष्कर आणि सरकारशी संबंधित लोकांचे. ते बायोडेटे त्याने वर पाठवून दिले. फसलेला विद्यार्थी तीनेक वर्षांत स्वतः फसवणारा झाला. २०२० मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला. लिंक्डइनसारख्या ठिकाणी हे किती चालतं? ब्रिटनच्या एमआय-५ या गुप्तचर संस्थेच्या प्रमुखांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलेला आकडा असा गळ टाकलेल्या वीस हजारांवर माणसांचा होता, आणि तो एकट्या ब्रिटनमधला.

सगळेच पैशाला भुलत नाहीत. अॅना बेलेन मॉन्टेस ही अमेरिकेच्या संरक्षण गुप्तचर संस्थेतली क्यूबाविषयक नावाजलेली विश्लेषक. १९८४ मध्ये ती पदव्युत्तर शिक्षण घेत होती आणि निकाराग्वाबाबतच्या आपल्या सरकारच्या धोरणावर मनापासून चिडलेली होती. तिच्याच विद्यापीठातल्या एका मैत्रिणीने तो राग हेरला आणि तिला क्यूबाच्या लोकांशी जोडून दिलं. सप्टेंबर २००१ मध्ये पकडली जाईपर्यंत तिने माहिती दिली, जवळजवळ फुकट. यावरून आपल्याकडचे काही जण लगेच निष्कर्ष काढतील, की बघा, सरकारवर टीका करणारे विद्यार्थी असेच असतात. मला नेमकं उलटं वाटतं. रागावलेला विद्यार्थी कॉलेजच्या सभागृहात, गॅदरिंगच्या एकांकिकेत, वादविवाद स्पर्धेत मोकळेपणी बोलू शकला तर त्याचा राग चारचौघांच्या देखत राहतो, त्याला उत्तर देणारेही भेटतात. त्याला नोटीस देऊन गप्प केला तर त्याचं ऐकून घेणारा एकच उरतो, आणि तो कोण असेल हे आपल्या हातात नसतं.

संशयाबद्दलही इथेच बोललं पाहिजे. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत हरियाणा-पंजाबात हेरगिरीच्या आरोपांवरून एकामागून एक अटका झाल्या, त्यात एक पदव्युत्तर विद्यार्थीही होता. खटले तेव्हा चालायचे होते, पण मोबाइलवर न्यायनिवाडे झाले होते. मिरजेसारख्या गावात, जिथे दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्रभर गाणं चालतं, तिथे आडनाव बघून पोराकडे वळून बघण्याची सवय लागायला वेळ लागणार नाही. आडनावावरून माणूस ओळखणाऱ्यांनी महाराष्ट्रातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण आठवावं: मे २०२३ मध्ये एटीएसने, म्हणजे राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने, पाकिस्तानी हस्तकाला माहिती दिल्याच्या आरोपावरून अटक केली ती पुण्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेच्या संचालकांना. अमेरिकेनेही आडनावांचा प्रयोग करून पाहिला आहे. २०१८ मध्ये त्यांच्या न्याय खात्याने 'चायना इनिशिएटिव्ह' सुरू केलं, चिनी वंशाचे प्राध्यापक चौकशीच्या फेऱ्यात सापडले, कित्येक खटले कोसळले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तो उपक्रम त्याच नावाने चालवणं बंद करावं लागलं. ज्या विद्यार्थ्याकडे आधीच संशयाने बघता तो, कुणी गळ टाकला तर, तुमच्याकडे सांगायला येईल? शक्यच नाही.

आणि न सांगणं, गप्प बसणं, हेच या धंद्याचं खरं भांडवल आहे. पैसे दिल्याच्या पावत्या, चॅटचे स्क्रीनशॉट, एखादा फोटो एवढं जमलं की भाषा बदलते: आता तूही यात आहेस. सातारा-सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांत हे वाक्य जरा जास्तच जोरात लागतं. इथे प्रतिसरकारची आठवण अजून ताजी आहे. १९४३ नंतर कुंडल आणि आसपासच्या गावांत इंग्रजांना खबर देणाऱ्यांचं काय झालं, हे आजोबांनी नातवांना सांगितलेलं आहे. ज्या घरात भिंतीवर वर्दीतल्या वडिलांचा फोटो आहे, तिथल्या पोराला पोलिसांपेक्षा आईची भीती जास्त वाटते, गावाची त्याहून जास्त. दुसरीकडे आपल्या मनातला हेर म्हणजे बहिर्जी नाईक. बाणूरगडावर त्यांची समाधी दाखवतात, पोरं तिथे जाऊन डोकं टेकवतात, आणि तो आदर योग्यच आहे. पण वेषांतर करून स्वराज्यासाठी जीव धोक्यात घालणारा नायक आणि गावचा फितूर, या दोन टोकांच्या मध्ये पाचशे रुपयांत फसलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला उभं राहायला जागाच ठेवलेली नाही.

त्याला वापरणाऱ्याच्या लेखी तर त्याची किंमत त्याहूनही कमी. मार्च २०२५ मध्ये युक्रेनच्या इव्हानो-फ्रँकिव्स्क शहरात टेलिग्रामवरून मिळालेलं 'काम' करायला दोन किशोरवयीन मुलं बाहेर पडली. त्यांच्या हातात दिलेला स्फोटक तिथेच फुटला. एक सतरा वर्षांचा होता, तो गेला. दुसऱ्याला जबर इजा झाली. युक्रेनच्या सुरक्षा सेवेचं म्हणणं असं, की रशियन यंत्रणेनेच दुरून कळ दाबली, म्हणजे काम आणि पुरावा दोन्ही एकदम संपले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नेदरलँड्समध्ये हेगमधल्या युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेच्या कार्यालयाजवळून वाय-फाय सिग्नल टिपणारं उपकरण घेऊन फिरल्याच्या संशयावरून सतरा वर्षांची दोन मुलं पकडली गेली. त्यांनाही टेलिग्रामवरूनच गाठलं होतं. व्याख्यानात दाखवायचंच असेल तर हे दाखवा.

कायदा आपल्याकडे १९२३ चा आहे. ऑफिशियल सीक्रेट्स अॅक्टमध्ये लष्करी ठिकाणांशी संबंधित हेरगिरीला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि परदेशी हस्तकाशी संपर्क ही गोष्टसुद्धा पुरावा म्हणून वापरता येते. ज्याने खरोखर देशाची माहिती विकली त्याला ही शिक्षा व्हावी, त्यात माझी तक्रार नाही. पण दोन लेख लिहून झाल्यावर ज्याच्या लक्षात आलं, की हे काहीतरी वेगळं आहे, त्याने कुठे जावं? पोलीस ठाण्यात गेला तर मोबाइल जप्त होणार, दोन दिवस बसवणार, चौकातल्या पोर्टलवर बातमी येणार. उद्या भरतीसाठी चारित्र्य पडताळणी आली की? एवढा हिशेब तो रात्रीत करतो आणि गप्प बसतो. तिसरा लेख लिहून देतो.

पैशाची फसवणूक झाली तर १९३० या नंबरवर फोन करता येतो आणि तो करताना आता कुणाला लाज वाटत नाही. लोकांना कळलंय, की लवकर सांगितलं तर पैसे थांबवता येतात. इथेही लवकर सांगण्याचा फायदा असायला हवा, आणि तो लेखी हवा. राज्याच्या गृह आणि उच्च शिक्षण खात्याने मिळून एवढं जाहीर करावं: ज्याने कुठलीही संवेदनशील माहिती द्यायच्या आधी स्वतःहून येऊन सांगितलं, त्याला साक्षीदार मानलं जाईल, त्याचं नाव बाहेर जाणार नाही, कॉलेज त्याच्यावर कारवाई करणार नाही आणि पडताळणीत त्याची नोंद अडसर ठरणार नाही. पोलीस खात्यातले लोक यावर म्हणतील, की यातून खरा हेर पळवाट काढेल. खरा हेर स्वतःहून येऊन आपल्याला कामं सांगणारा हँडलर कुठल्या नंबरवरून बोलतो हे सांगणार असेल, तर अशी पळवाट तपास यंत्रणांना रोज हवी आहे. आज ती माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचते ती अटकेनंतर, म्हणजे नंबर बंद झाल्यावर.

सरकारचा आदेश निघेपर्यंत कॉलेजांनी थांबायचं कारण नाही. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक कॉलेजच्या फलकावर रॅगिंगविरोधी समितीची नावं आणि फोन नंबर लागतात. त्याखाली एक नाव आणखी लावा. ते प्राचार्यांचं नको आणि शिस्त समितीच्या अध्यक्षांचं तर मुळीच नको. एनसीसीच्या अधिकाऱ्यांचंही नको, कारण ज्याला सी सर्टिफिकेट हवंय तो त्यांच्यासमोर तोंड उघडणार नाही. पोरं ज्यांच्याकडे फीची अडचण घेऊन जातात, घरी वडील पितात हे ज्यांना सांगतात, असे एखादे सर किंवा मॅडम प्रत्येक कॉलेजात असतात. विद्यार्थ्यांना ते नाव माहीत असतं, फक्त फलकावर नसतं. त्यांना एटीएसच्या एका अधिकाऱ्याचा थेट नंबर द्या, विद्यार्थ्याबरोबर स्वतः जाण्याची मुभा द्या, आणि पुढच्या व्याख्यानात सुभेदारसाहेबांच्या शेजारी त्यांना दहा मिनिटं बोलू द्या.